मिरगाचं आभाळ आणि नको ते विचार



मिरग तोंडावर आला की आमच्या बचत गटांच्या बैठकीत तीन विषय ठरलेले असतात. बियाण्याचं कर्ज, पोरांची वह्या-दप्तरं आणि थकलेले हप्ते. मागच्या जूनमध्ये कृष्णाकाठच्या एका गावात चौथा विषय निघाला. हिशोब झाला होता, रजिस्टरवर सह्या झाल्या होत्या, चहा यायचा होता. नेहमी सगळ्यांच्या आधी हप्ता भरणाऱ्या एक ताई खाली बघत म्हणाल्या, "आभाळ भरून आलं की मला पुलावरून जायला नको वाटतं. नातू कडेवर असतो. मनात येतं, हातातून सुटला तर? आणि कधी कधी येतं, मीच सोडला तर?" एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला.

कुणी काही बोललं नाही. मग गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "अगं, मला तर सदुसष्ट सालापासून काहीबाही येतंय. थंडी पडली की पहाटे चारला डोळा उघडतो तो उघडतोच. घर हलतंय असं वाटतं." त्यानंतर आणखी दोघी बोलल्या. एकीला पावसाचा आवाज पत्र्यावर सुरू झाला की छातीत धडधडतं. दुसरी रात्री चार-चार वेळा उठून दाराची कडी आणि गॅसचं बटण बघते. चहा गार झाला, पण त्या दिवशी कुणी घाई केली नाही.

आम्ही समन्वयक. आमच्याकडं बचतीचा रकाना असतो, कर्जाचा असतो, हजेरीचा असतो. धास्तीचा रकाना नसतो. आमच्या बी.ए.च्या इतिहासात अफजलखान होता, ब्रिटिश होते, पण नदीला घाबरणाऱ्या बाया कुठंच नव्हत्या. म्हणून मग आम्ही जुन्या माणसांना विचारत गेलो, थोडं वाचत गेलो. आज तेच तुमच्यापुढं ठेवतो आहोत. सातारा-सांगलीच्या मुलखात ऋतू बदलताना मनाला जी धास्ती बसते, तिचा इतिहास. आणि त्या धास्तीतून वाट कशी काढायची, हेही त्यातूनच आलं आहे.

आधी आपला मुलूखच बघू. जिल्हे दोन, पण पावसाची भीती दोन तऱ्हांची. पश्चिमेला महाबळेश्वर, पाटण, शिराळा. तिथं पाऊस कोसळतो, डोंगर सुटतात, नद्या फुगतात आणि तेच पाणी खाली कराड, वाळवा, पलूस, मिरज, सांगली करत जातं. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. तिथं भीती पाऊस येण्याची नसते, न येण्याची असते. एकाच जूनमध्ये पलूसची बाई ढग बघून घाबरते आणि माणची बाई ढग नाही म्हणून घाबरते. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ बघितला त्या आजीबाई आजही कोरडा जून गेला की धान्याच्या कणगीत हात घालून बघतात. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं चारा छावणी चालवली, तेव्हा माणसं जनावरांसोबत छावणीतच मुक्कामाला होती. ज्यांनी घर सोडून जनावरांजवळ रात्री काढल्या, त्यांना पुढच्या वर्षी मिरग कोरडा गेला की झोप लागत नाही, यात नवल काय?

आयुर्वेदानं ऋतू बदलाच्या दिवसांना नावच दिलं आहे, ऋतुसंधी. सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्याचा पहिला आठवडा. वाग्भटाच्या ग्रंथात सांगितलं आहे की या दिवसांत जुन्या सवयी एकदम टाकू नयेत, नव्या एकदम धरू नयेत, हळूहळू बदल करावा. हे सांगणं शरीरासाठी आहे, पण आमच्या बायकांचं आयुष्य बघता मनालाही लागू पडतं. कारण आपल्याकडं ऋतू बदलतो तेव्हा सगळंच एका आठवड्यात येऊन आदळतं. पेरणी, शाळा, कर्ज, घर शाकारणं, सरपण आत घेणं, सासूबाईंचे गुडघे. झोप कमी होते, ऊन दिसत नाही, घराबाहेर पडणं थांबतं. अशा वेळी मन हळवं होणारच.

आता त्या आजीबाईंच्या सदुसष्ट सालाकडं येऊ. आजींचं माहेर पाटण तालुक्यातलं. कोयना धरणात १९६२ पासून पाणी साठायला लागलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला मोठा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, हजारो घरं पडली. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. त्या सांगतात, कित्येक दिवस लोक घरात झोपायला धजत नव्हते. थंडीचे दिवस, अंगणात, शेतात, झाडाखाली झोपायचे. मदत आली. तांदूळ आले, घोंगड्या आल्या, पडलेल्या घरांची मोजदाद झाली. "पण मला कुणी विचारलं नाही, की पोरी, तुला झोप लागते का," आजी म्हणाल्या.

आजींना वाटायचं, थंडी पडली की आपल्यालाच वेड लागतं. आम्ही वाचलं तेव्हा कळलं की त्यांच्या भीतीला जमिनीखालचं कारणही आहे. कोयनेचं धरण पावसाळ्यात भरतं, आणि भूकंपाचा अभ्यास करणाऱ्यांना असं दिसलं आहे की सप्टेंबरच्या सुमारास आणि पुन्हा डिसेंबरच्या सुमारास इथं धक्क्यांचं प्रमाण वाढतं. पाण्याचा भार वाढतो, पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपतं आणि आधीच ताणात असलेला खडक सरकतो. जगात धरणाच्या पाण्याशी जोडलेले जे भूकंप झाले, त्यांत १९६७ चा हा भूकंप सगळ्यात मोठ्यांपैकी धरला जातो. पुढं वारणेचं धरण भरायला लागल्यावर त्या बाजूलाही धक्के जाणवू लागले. कराडजवळ आज केंद्र सरकारची प्रयोगशाळा याच भूकंपांचा अभ्यास करते. म्हणजे आजींचं अंग जे सांगत होतं, की हा ऋतू आला की जमीन हलते, ते अगदीच खोटं नव्हतं. अंगानं एक अनुभव लक्षात ठेवला होता. फक्त तो अनुभव गेली पन्नासच्या वर वर्षं दर हिवाळ्यात, जमीन हलो न हलो, आजींना उठवत होता.

संकटानंतर माणसाच्या मनाचं काय होतं, हे आपल्या देशात सरकारी पातळीवर बघायला सुरुवात झाली ती १९८४ च्या भोपाळ वायू दुर्घटनेनंतर. तिथल्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना मनाचे त्रास ओळखण्याचं प्रशिक्षण देण्यात आलं. महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथल्या लोकांच्या मनावर काय परिणाम झाला याचा अभ्यास झाला. कोयनेच्या पोरींच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. त्या मोठ्या झाल्या, सासरी गेल्या आणि पहाटे चारची जाग बरोबर घेऊन गेल्या.

आता नदीचं बघू. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा. संस्थानच्या काळात बांधला आणि तेव्हाच्या व्हाइसरॉयचं नाव त्याला मिळालं. या पुलापाशी कृष्णेचं पाणी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. सांगलीकडची शाळकरी पोरंसुद्धा पावसाळ्यात विचारतात, "आज किती फूट?" २००५ च्या पुरात पाणी ५४ फुटांच्या जवळ गेलं. तेव्हा लोक म्हणाले, असा पूर पुन्हा बघायला मिळायचा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. त्यात बाया होत्या, लेकरं होती. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५४ फुटांच्या पुढं गेलं, आणि त्याच दिवसांत वर पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गाडली गेली.

आपल्याकडं पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. २००५ आणि २०२१ चे पूर म्हाताऱ्या पावसातले, २०१९ चा आश्लेषातला. आता बायांच्या मनात ही नक्षत्रंच भीतीची झाली आहेत. पूर्वी म्हातारा पाऊस लागला की आवणाचं, भांगलणीचं बोलणं व्हायचं. आता माळ्यावर काय टाकायचं, कागदपत्रं कुठं ठेवायची, म्हैस कुणाकडं न्यायची, हे बोलणं होतं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. धास्ती दोन प्रकारची असते. एक कामाची आणि एक बिनकामाची. पाणी ४० फुटांवर गेलं म्हणून सातबारा, आधार कार्ड, गटाचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत बांधायला लावते ती कामाची धास्ती. ती आपली राखणदार आहे, तिला हाकलू नका. तिला काम द्या. काम झालं की ती बसते. दुसरी धास्ती काहीच काम सांगत नाही. ती पहाटे तीनला येते आणि एक भयंकर चित्र दाखवून जाते. नातू पाण्यात पडलेला. भिंत अंगावर आलेली. आपलाच हात आपल्या लेकराला ढकलतोय. आपण ते चित्र पुसायला जातो आणि ते आणखी ठळक होतं. आपले पूर्वज हे ओळखून होते, म्हणून तर म्हण आहे, मन चिंती ते वैरी न चिंती. आपल्या वाइटाचं जे वैऱ्याच्याही डोक्यात येणार नाही, ते आपलंच मन आपल्याला दाखवतं. ही म्हण काही एका वेड्या माणसासाठी केलेली नाही. ती सगळ्यांच्याच मनाबद्दल आहे.

पुलावरच्या ताईंना सगळ्यात मोठी भीती नदीची नव्हतीच. "माझ्या मनात असं आलंच कसं? मी वाईट आहे का? मी खरंच असं करेन का?" ही भीती होती. ती त्यांनी दोन वर्षं कुणाला सांगितली नाही. नातवाला कडेवर घेणं कमी केलं. सुनेला वाटलं, सासूला पोराची माया नाही. घरात अबोला आला. एका विचारानं किती नुकसान केलं बघा.

आता याबद्दल अभ्यास काय सांगतो? १९७८ साली लंडनमध्ये रॅकमन आणि डी सिल्व्हा या दोन मानसशास्त्रज्ञांनी साध्यासुध्या, धडधाकट माणसांना विचारलं, तुमच्या मनात नको ते, घाण, भीतीदायक, कुणाला इजा करण्याचे विचार आपोआप येतात का? दहापैकी आठ जणांनी हो म्हटलं. आजारी माणसांच्या मनात येणारे विचार आणि या साध्या माणसांच्या मनात येणारे विचार विषयानं फारसे वेगळे नव्हते. फरक एवढाच, की साधा माणूस "छ्या, काहीतरीच" म्हणून पुढं जातो आणि त्रास होणारा माणूस त्या विचाराला धरून बसतो, त्याचा अर्थ लावतो, त्याच्याशी भांडतो. म्हणजे ताईंच्या मनात आलं ते दहातल्या आठ जणींच्या मनात कधी ना कधी येतं. त्यांना त्याचा इतका त्रास झाला, कारण नातवावर त्यांचा जीव आहे. ज्याच्यावर जीव असतो, त्याच्याबद्दलचंच भयंकर चित्र मन दाखवतं. मनात आलं म्हणजे मनात होतं असं नाही. विचार म्हणजे इच्छा नव्हे आणि विचार म्हणजे अपशकुनही नव्हे.

मग विचार दाबायचा का? आपल्याकडं वैदूची गोष्ट सांगतात. वैदूनं पुडी दिली आणि सांगितलं, औषध घेताना माकड तेवढं मनात आणू नकोस. बिचाऱ्याला पुडी हातात घेतली की माकडच दिसायचं. १९८७ साली अमेरिकेत वेग्नर नावाच्या प्राध्यापकानं हीच गोष्ट प्रयोग करून बघितली. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा आधी दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात अस्वल जास्तच आलं. दाबलेला विचार उसळून येतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. वर सांगितलेले डी सिल्व्हा मूळचे श्रीलंकेचे. त्यांनी १९८५ साली दाखवून दिलं की नको त्या विचारांवर आजचे मानसतज्ज्ञ जे उपाय सांगतात, त्यांतले बरेच जुन्या बौद्ध ग्रंथांत आधीच आहेत. मज्झिम निकायात वितक्कसंठान नावाचं सुत्त आहे. त्यात भगवान बुद्धांनी पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली, वाईट विचाराच्या जागी चांगला विचार आणावा, जसा सुतार बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो. दुसरी, त्या विचारानं आपलं काय नुकसान होतं ते बघावं. तिसरी, त्याच्याकडं लक्ष देऊ नये, जसं नको ते दिसलं की आपण मान फिरवतो. चौथी, विचाराची गती हळूहळू कमी करावी. धावणारा माणूस आधी चालतो, मग थांबतो, मग बसतो, तशी. आणि दात आवळून मन दाबणं ही अगदी शेवटची, पाचवी. आपण बाया काय करतो? पाचवीपासूनच सुरुवात करतो.

आता आपल्याच मागच्या पिढ्यांकडं बघू. त्यांनी काय केलं? एक म्हणजे जातं. आपल्या आज्या पहाटे उठून दळायला बसायच्या. पहाटेची वेळ म्हणजे मनात नको ते येण्याचीच वेळ. पण त्या एकट्या अंथरुणात पडून नसायच्या. हात जात्याच्या खुंट्यावर, समोर जाऊ किंवा शेजारीण, आणि तोंडात ओवी. ओवीत काय नसायचं? सासरचा जाच, भावाची वाट, लेकराचं दुखणं, मरणाचं भयसुद्धा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. गिरणी आली आणि पाठीचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. कुणी पुन्हा जातं ओढा म्हणत नाही. पण जात्याबरोबर बोलायची जागा गेली, तिच्या जागी दुसरी कुणी दिली नाही.

दुसरी गोष्ट नदीची. कृष्णेला पाणी चढलं की आजही काठच्या बाया खण-नारळानं तिची ओटी भरतात. जिची भीती वाटते तिला माहेरवाशिणीसारखं वागवायचं, तेही चारचौघी मिळून. वाईचा कृष्णाबाईचा उत्सव तर भीतीतूनच सुरू झाला असं सांगतात. १६५९ साली अफजलखान वाईवर आला, तेव्हा संकट टळलं तर तुझा उत्सव करू, असा नवस कृष्णेला बोलला गेला. तेव्हापासून थंडी सरताना घाटाघाटावर उत्सव होतो, गाव जेवतं. नवसानं खान गेला की नाही, यात आम्ही पडत नाही. आम्हाला दिसतं ते एवढंच, की त्या माणसांनी भीती घराघरात कोंडून ठेवली नाही. तिला घाटावर आणलं, तिला तारीख दिली, तिला जेवणावळीत बसवलं.

पण जुनं ते सगळं सोनं असंही आम्ही म्हणणार नाही. जिच्या मनात नको ते यायचं आणि ती बोलून जायची, तिला "बाहेरचं लागलंय" म्हणायचे. देवऋषाकडं न्यायचे, धुरी द्यायचे, चाबकानं मारायचे. नाहीतर "येरवड्याला धाडू" अशी धमकी असायची. कायदाही तसाच होता. इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्यात अशा माणसाला सरळ वेडाच म्हटलं होतं. मग कोण बोलेल? म्हणून आपल्या आज्या ओवीत जे बोलल्या ते बोलल्या, बाकी गिळलं. या बाबतीत साताऱ्याचं नाव अभिमानानं घ्यावं लागेल. साताऱ्याचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांनी अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचलं. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला मारहाण करणं आज गुन्हा आहे. २०१७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा आला, २०१८ च्या मे महिन्यात तो लागू झाला. त्यात उपचार मिळणं हा आपला हक्क मानला आहे आणि आपली माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक केलं आहे.

मग आम्ही आमच्या गटात काय केलं ते सांगतो. मोठं काही नाही.

पहिलं, मे महिन्याच्या शेवटच्या बैठकीत हिशोब झाल्यावर अर्धा तास धास्तीचा ठेवला. ज्या बोलतील त्या बोलतील, ज्या नाही बोलणार त्या ऐकतील. नियम दोन. इथलं बोलणं चुलीपाशी जाणार नाही, आणि "असा विचार करू नये बाई" असं कुणी म्हणणार नाही. कारण ती आधीच स्वतःला तेच सांगून थकलेली असते.

दुसरं, कामाच्या धास्तीला काम दिलं. प्रत्येक घराची कागदाची पिशवी तयार. किती फुटाला जनावरं हलवायची, म्हाताऱ्या माणसांना कुणाकडं न्यायचं, हे आधीच ठरवलं. पाण्याची पातळी दिवसातून दोनदा बघायची, तीही प्रशासन सांगतं तीच. मोबाइलवर फिरणारे जुन्या पुरांचे व्हिडिओ रात्री बघायचे नाहीत. पूर्वी फुटाचा आकडा दवंडीनं यायचा आणि दवंडीवाला घरी जायचा. मोबाइल घरी जात नाही, तो उशाला झोपतो.

तिसरं, बिनकामाच्या धास्तीला नाव दिलं. मनात तसलं चित्र आलं की भांडायचं नाही, अर्थ लावायचा नाही, देवाची शपथ घालून घ्यायची नाही. मनात एवढंच म्हणायचं, "आला बाई, नको तो विचार आला," आणि हातातलं काम सोडायचं नाही. भाकरी थापत असाल तर भाकरी थापा. पुलावर असाल तर चालत राहा. पहिल्या पहिल्यांदा छाती धडधडते. आपण विचारामुळं पळालो नाही, की हळूहळू ती धडधड ओसरायला लागते. जी ताई रात्री चार वेळा कडी बघायची, तिला आम्ही सांगितलं, एकदा बघा, हात लावून बघा, आणि पुन्हा उठावंसं वाटलं तर जरा थांबा. चारचं तीन झालं, तीनचं दोन. अजून एक झालेलं नाही, पण ती हसून सांगते.

पण सख्यांनो, सगळंच गटात बसून सुटत नाही. झोप, जेवण, काम यांवर दोन आठवड्यांच्या वर परिणाम होत असेल, धुण्यात-तपासण्यात दिवसाचे तास जात असतील, तर डॉक्टरकडं जायचंच. जीव द्यावासा वाटत असेल, कुणाचे आवाज ऐकू येत असतील, ते विचार नको वाटायच्या ऐवजी खरेच वाटायला लागले असतील, तर त्याच दिवशी जायचं, एकटं सोडायचं नाही. बाळंतिणीबाबत तर जास्तच जपायचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आपल्या देशात १९९६ पासून आहे, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फोनसेवा सुरू आहे. नंबर आहे १४४१६. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर आम्ही गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे, बँकेच्या नंबराच्या वर. गोळी लिहून दिली तर ती घ्या. बीपीची गोळी घेताना आपण लाजतो का?

१९९२ साली नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा पाचशे गटांचा प्रयोग होता. आज गावोगाव गट आहेत. पैशाची अडचण चारचौघींत बोलायला आपण याच गटांत शिकलो. आधी त्याचीही लाज वाटायची. मनाची अडचण बोलायलाही आपण इथंच शिकू शकतो. दहा-बारा बाया, महिन्यातून एक ठरलेला दिवस, आणि एकमेकींवर विश्वास. जात्यापाशी होतं तेच, फक्त दळण नाही.

त्या ताईंचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्यांनी १४४१६ ला फोन केला, मग लेकीबरोबर जाऊन डॉक्टरांना भेटून आल्या. सुनेला स्वतःच सगळं सांगितलं. सून रडली आणि म्हणाली, "आई, मलापण याच्या जन्मानंतर असंच यायचं. मी कुणाला सांगितलं नव्हतं." यंदाच्या मिरगात आम्ही त्यांना पुलावर बघितलं. आभाळ भरलेलं, पाणी गढूळ, नातू कडेवर. आम्ही विचारलं, "येतो का अजून तो विचार?"

"येतो की," त्या म्हणाल्या. "येऊ दे. त्याला त्याच्या वाटेनं जाऊ दे. मला शाळा सुटायच्या आत याच्या ताईला आणायला जायचंय."

आणि त्या पुलावरून पुढं गेल्या.

तुमच्या गटात मिरगाच्या आधी अर्धा तास काढा, सख्यांनो. काळजी घ्या, एकमेकींची घ्या.